आजी सन सांगत नाही, गाव सांगते

पीएचडीच्या पहिल्या वर्षातल्या बहुतेकांची एक तक्रार ठरलेली असते. ऐंशी-पंच्याऐंशीच्या आजींची दोन तास मुलाखत घेतली, सगळं टाइप करून काढलं, आणि त्यात एकही धड सन नाही. लग्न कधी झालं? तर, "आम्ही पैठणहून आलो त्याच्या पुढच्या साली." मोठा मुलगा कधीचा? तर, "तेव्हा आम्ही जालन्याला होतो." गाईड म्हणतात, आधी क्रोनॉलॉजी लावून आणा. मग विद्यार्थी त्या दोन तासांतून पाच ओळी उचलतो आणि बाकीचं "आठवणी" या मथळ्याखाली परिशिष्टात ढकलतो.

मला हे परिशिष्टात ढकलणं पटत नाही. का पटत नाही ते एका जुन्या केसवरून सांगते. केस साडेतीनशे वर्षांपूर्वीची आहे आणि आमच्याच जिल्ह्यातली आहे.

मी छावणीत राहते. इथून पडेगाववरून दौलताबादच्या रस्त्याला लागलं की घाट चढून वेरूळ येतं. वेरूळच्या पश्चिमेला, कन्नड तालुक्यात, देवगाव रंगारी आहे आणि त्याच्याही पुढे वैजापूर तालुक्यात शिऊर. या दोन गावांमध्ये एका बाईचं ७२ वर्षांचं आयुष्य मावतं. देवगावला जन्म, शिऊरला शेवट. मधला सगळा भाग मात्र रस्त्यावरचा. ही बाई म्हणजे संत बहिणाबाई. जन्म शके १५५०, म्हणजे १६२८ च्या सुमाराचा. मृत्यू १७०० सालचा.

(गुगलवर "बहिणाबाई" एवढंच टाकलं तर आधी जळगावच्या बहिणाबाई चौधरी येतात, १८८० ते १९५१. सेमिनारच्या पेपरात या दोघींची सरमिसळ झालेली मी स्वतः पाहिली आहे. तेव्हा पूर्ण नाव लिहायची सवय लावा.)

बहिणाबाईंचं आत्मनिवेदन अभंगांत आहे. मराठीत एका स्त्रीनं स्वतःची हकीगत इतक्या सविस्तर सांगितल्याचं याहून जुनं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर येत नाही. संत म्हणून त्यांच्यावर भरपूर लिहिलं गेलंय, ते आज बाजूला ठेवू. मला हे आत्मनिवेदन एका म्हाताऱ्या बाईनं सांगितलेला घराण्याचा इतिहास म्हणून वाचायचं आहे. तसं वाचलं की पहिली गोष्ट लक्षात येते: ही हकीगत गावांवर बांधलेली आहे. सुरुवातीला गुरुपरंपरा येते, ती थेट आदिनाथापासून. नंतर देवगाव. आणि देवगाव कुठं, तर वेरूळच्या पश्चिमेला, शिवनेच्या काठी. कुठला परगणा, कुणाचं राज्य, याची दखल नाही. तीर्थ आणि नदी, बस.

पुढचा क्रम असा. वडील आऊजी, गावचे कुलकर्णी, आई जानकी. मुलगी तीन वर्षांची असताना शिऊरच्या पाठकांच्या घरातल्या तीस वर्षांच्या बिजवराशी तिचं लग्न होतं. नऊ वर्षांची असताना भाऊबंदकी आणि कर्ज यांमुळे घर उठतं. आई, वडील, नवरा आणि ती, असे सगळे देवगाव सोडतात. गोदावरीच्या काठाकाठानं, यात्रेकरूंच्या संगतीनं, धान्य मागत. मग पंढरपूर. मग शिखर शिंगणापूर. मग रहिमतपूर, तिथं काही काळ मुक्काम. मग कोल्हापूर, तेव्हा वय ११. तिथं एका ब्राह्मणाच्या घरी आसरा मिळतो, गाय-वासरू मिळतं, जयरामस्वामी वडगावकरांची कीर्तनं ऐकायला मिळतात. त्यानंतर स्वप्नात तुकोबांचा अनुग्रह, मग देहू, आणि बऱ्याच काळानं शिऊर.

आजच्या रस्त्यानं मोजलं तर देवगाव ते कोल्हापूर चारशे किलोमीटरच्या वर. कोल्हापूर ते देहू आणखी अडीचशे. देहूहून परत शिऊर, तेही तेवढंच.

आता तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, हा भक्तीचा प्रवास आहे, यात इतिहास कुठाय? तर वही घ्या आणि डावीकडे गावं, उजवीकडे साल लिहा. जन्म शके १५५० धरला तर लग्नाचं साल १६३१ च्या आसपास येतं. १६३० ते १६३२ हा दख्खन आणि गुजरातेतला भीषण दुष्काळ. शाहजहानच्या दरबारी इतिहासकारानं, अब्दुल हमीद लाहोरीनं, त्याचं वर्णन केलंय. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी त्याच सुमाराला सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्ऱ्याला गेला, त्यानं वाटेत पडलेली प्रेतं नोंदवली आहेत. पुढे १६३३ ला दौलताबादचा किल्ला मोगलांनी वेढा घालून घेतला. मी जिथं बसून हे लिहितेय तिथून तो किल्ला पंधरा किलोमीटरच्या आत आहे, आणि देवगाव त्याच्या पलीकडे. १६३६ ला निजामशाही संपली. तिचा मुलूख मोगल आणि आदिलशहा यांनी वाटून घेतला आणि औरंगजेब पहिल्यांदा दख्खनचा सुभेदार म्हणून आला. त्याच्या पुढच्या वर्षी, १६३७ च्या सुमाराला, एका कुलकर्ण्याचं घर कर्जापायी देवगाव सोडतं.

कुलकर्णी म्हणजे गावचा हिशेब ठेवणारा. दुष्काळ पडला, फौजा येऊन गेल्या, वसूल बुडाला, की त्याची झळ ज्यांना पहिल्यांदा लागायची त्यांत हा माणूस असणारच. आत्मनिवेदनात दुष्काळ नाही, वेढा नाही, मोगल नाहीत. भाऊबंदकी आणि कर्ज आहे. आता वाट बघा: पंढरपूर, रहिमतपूर, कोल्हापूर हा सगळा आदिलशाही मुलूख. म्हणजे हे कुटुंब नुकत्याच मोगलांच्या ताब्यात गेलेल्या भागातून निघून आदिलशाहीत शिरलं. सरहद्द ओलांडल्याचं ती सांगत नाही, पण गावांच्या यादीत सरहद्द दिसते.

दुष्काळ आणि कर्जाचा संबंध मी जोडलाय, ग्रंथात तो जोडलेला नाही. माझ्या सिनॉप्सिसमध्ये असं काही लिहायची वेळ आली तर मी "शक्यता आहे" असंच लिहीन. तीन वर्षांच्या मुलीचं तीस वर्षांच्या बिजवराशी लग्न दुष्काळामुळे झालं, असंही मी म्हणणार नाही. तशी लग्नं सुकाळातही होत होती. पण दोन्ही गोष्टी एकाच पानावर शेजारी शेजारी लिहिल्याशिवाय हा प्रश्न विचारताच येत नाही, आणि पान तयार होतं ते तिनं सांगितलेल्या गावांवरून.

सनावळीचं काय, ते आता बघू. तुकोबांच्या अनुग्रहाची तिथी कार्तिक वद्य पंचमी, शके १५६९ अशी सांगितली जाते. म्हणजे १६४७. जन्म शके १५५० चा असेल तर बहिणाबाई तेव्हा १९ वर्षांच्या. कोल्हापूरला त्या पोचल्या ११ व्या वर्षी. मग मधली आठ वर्षं गेली कुठं? हकीगतीत कोल्हापूरचे प्रसंग एकामागोमाग एक येतात: वासरू, कीर्तन, मारहाण, स्वप्न. वाचताना वाटतं, सगळं एका वर्षात घडलं.

एक विद्यार्थी म्हणेल, साक्ष कच्ची आहे, सोडून द्या. दुसरा म्हणेल, संतांच्या बाबतीत असले हिशेब करू नयेत. मला दोघांचंही ऐकवत नाही. इटलीतल्या तेर्नी गावची एक केस यासाठी वाचून ठेवा. लुईजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण पोलाद कामगार १९४९ च्या मार्चमध्ये नाटो कराराच्या विरोधातल्या मोर्चात पोलिसांच्या गोळीनं मेला. पुढे आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकानं तिथल्या जुन्या कामगारांच्या मुलाखती घेतल्या, तर अनेकांनी हा मृत्यू १९५३ च्या कामगारकपातीच्या आंदोलनात झाला असं सांगितलं. चार वर्षांचा फरक. पोर्तेल्लीनं ही "चूक" दुरुस्त करून विषय संपवला नाही. लोकांनी आपला सगळ्यात मोठा पराभव आणि आपला मेलेला माणूस एकत्र का आणले, हा त्यानं प्रश्न केला. बहिणाबाईंच्या बाबतीतही आठ वर्षांची एक गाठ झाली आहे. ती कशाभोवती बसली आहे ते बघायला हवं.

ती बसली आहे मारहाणीभोवती. नवरा वैदिक ब्राह्मण. बायको कीर्तनाला जाते, लोक तिला बघायला येतात, हे त्याला सहन होत नाही. तो तिला बांधून मारतो, आणि हे ती सांगते. आई-वडील त्याच बिऱ्हाडात होते. पुढे तुकोबा गुरू झाल्यावर, म्हणजे ब्राह्मणाच्या बायकोनं शूद्राला गुरू केल्यावर, त्याचा राग आणखी वाढतो. घर सोडून निघून जायची भाषा होते. मग त्याचं आजारपण, मग मनपालट, मग सगळ्यांचं देहूला जाणं. तिथंही मंबाजी गोसावी होतेच.

घराण्याच्या इतिहासाची आपल्याकडची छापील पुस्तकं, म्हणजे कुलवृत्तान्त, तुम्ही चाळली असतील. मूळ पुरुष, शाखा, कुलदैवत, कोण कुठं नोकरीला, कुणी वाडा बांधला. घरातल्या बाईला मारल्याची नोंद असलेला कुलवृत्तान्त माझ्या हाती अजून आलेला नाही. घराण्याचा इतिहास आजी सांगते तेव्हा काय येतं आणि घराणं सांगतं तेव्हा काय गळतं, यातलं हे सगळ्यात ठळक अंतर. आणि त्याच बहिणाबाई पुढे वज्रसूचीचं मराठीत निरूपण करतात. ब्राह्मण नेमकं कुणाला म्हणायचं, हा त्या उपनिषदाचा विषय. हे निरूपण कोल्हापूरच्या त्या बिऱ्हाडापासून तोडून वाचणं मला तरी जमत नाही.

आता वंशावळीबद्दल. २०२३ पासून मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि हा शब्द घराघरांत पोचला. मोडी वाचणाऱ्यांना आणि जुनी उर्दू दप्तरं वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. १९५४ चं खासरा पाहणी पत्रक म्हणजे काय, हे शाळकरी पोरांनाही कळायला लागलं. पण वंशावळीच्या प्रतिज्ञापत्राचा आकार बघा: मी, माझे वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. सरळ एक उभी रेघ. गंमत अशी की खापरपणजोबांचं नाव घरात कुणाला पाठ असतं विचाराल, तर बहुतेक वेळा आजीला. ती लग्न होऊन आलेली, रेघेत तिचं नाव कुठंच नाही, आणि सगळी रेघ तिच्या तोंडात.

बहिणाबाईंनी तीन वंशावळी सांगितल्या आहेत असं म्हणता येईल. एक रक्ताची, ती देवगावात चार ओळींत आटोपते. दुसरी गुरूची, आदिनाथ ते ज्ञानदेव ते तुकाराम. (वारकरी संप्रदायाची पायापासून कळसापर्यंत इमारत रचणारा जो अभंग सगळ्यांना ठाऊक आहे, तो बहिणाबाईंचाच.) आणि तिसरी फारच वेगळी. १७०० साली शिऊरला अंतकाळ जवळ आल्याचं त्यांना जाणवलं तेव्हा मुलगा विठोबा गावात नव्हता. बायकोच्या मृत्यूनंतरच्या विधींसाठी तो गेला होता. त्याला बोलावणं धाडलं. तो आल्यावर आईनं त्याला स्वतःचे आधीचे बारा जन्म सांगितले. कुठल्या गावी, कुणाच्या पोटी, काय केलं. काही जन्मांत हा मुलगाही सोबत होता.

श्रद्धेचा भाग ज्याचा त्यानं ठरवावा. संशोधक म्हणून मला यात दोन गोष्टी दिसतात. एक, इथंही गावंच आहेत. मरणाच्या दारातसुद्धा ही बाई प्रवासवर्णन सांगते आहे. दोन, या वंशावळीत मुलगा आईच्या बाजूनं जोडलेला आहे. पाठकांचा कुळपुरुष इथं कुठंच नाही. आणि ऐकणारा कोण, तर तोच मुलगा. मुलाखत वाचताना "कोण बोलतंय" याच्याइतकंच "कुणाला सांगतंय" हे लिहून ठेवा, असं मी एवढं बजावते ते यासाठी. शेजारणीला सांगितलेलं आयुष्य आणि मरताना मुलाला सांगितलेलं आयुष्य एक नसतं.

ऐकणाऱ्यामुळे काय फरक पडतो याचं दुसरं टोक म्हणजे गुलबदन बेगम, बाबराची मुलगी. भाचा, नव्हे, भावाचा मुलगा अकबर बादशहा. त्यानं सांगितलं म्हणून तिनं म्हातारपणी बाप आणि भावाच्या आठवणी फारसीत लिहिल्या, तो हुमायूननामा. ही बाईही पक्की प्रवासी. १५७६ ला घरातल्या बायकांना घेऊन मक्केला निघाली आणि १५८२ ला परतली, तेव्हा वय साठीच्या आसपास. ऐंशीच्या घरात, १६०३ ला गेली. तिच्याकडे बादशहाचा हुकूम होता, कागद होता, शाई होती. पण हातात असलेला ग्रंथ मध्येच, एका वाक्यात, तुटतो आणि मक्केच्या प्रवासाचं तिच्या लेखणीतून आपल्यापर्यंत काहीच आलेलं नाही. शिऊरच्या बाईकडे यातलं काही नव्हतं, तरी तिची सगळी वाट आपल्याला माहीत आहे. अर्थात तीही सरळ पोचलेली नाही. छापील संहिता आपल्याला मिळते ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, उमरखाने यांच्या हातून. त्यानंतर १९२६ ला कोल्हारकरांची आवृत्ती, १९२९ ला जस्टिन अ‍ॅबट यांचं इंग्रजी भाषांतर. मृत्यू आणि छपाई यांत दोनशे वर्षं. तेवढ्या काळात गाणारे, लिहून घेणारे, जपणारे किती हात लागले असतील. म्हणून एखादा आकडा बसत नसेल तर सगळा दोष सांगणाऱ्या म्हातारीवर टाकू नका. अ‍ॅन फेल्डहाउस यांचा १९८२ चा लेख बहिणाबाईंमधल्या पत्नी आणि संत यांची ओढाताण दाखवतो. तो विद्यापीठाच्या लायब्ररीतून मिळवून वाचाच.

माझ्या कामाकडे येते. छावणी हे मुळातच बदलीचं गाव. निजामाच्या खर्चानं आणि इंग्रजांच्या हुकमानं चालणारी हैदराबाद कंटिन्जंट इथं असायची. १८५७ च्या जूनमध्ये तिच्याच घोडदळात इथं उठाव झाला. हिंगोली, मोमिनाबाद, एलिचपूर, बोलारम ही तिची बाकीची ठाणी. मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई. १९०३ ला ती फौज हिंदुस्थानच्या लष्करात मिसळली. तेव्हापासून आजपर्यंत इथल्या जुन्या घरांतल्या बायकांची आयुष्यं बदल्यांवर मोजली गेली. इथल्या आजींशी बोलताना "१९७१ साली तुम्ही कुठं होता?" असं विचारलं तर त्या गप्प होतात. "देवळालीला असताना घरात कोण कोण होतं?" असं विचारलं की पुढचा अर्धा तास मला बोलावं लागत नाही. कुणाचं बाळंतपण कुठल्या क्वार्टरमध्ये झालं, सासू कुठल्या स्टेशनवर रुसून परत गेली, सगळं येतं. आणि बदलीच्या तारखा कुठंतरी कागदावर असतातच. नवऱ्याचं सर्व्हिस बुक, पेन्शनचं पुस्तक, मुलांच्या शाळा सोडल्याचे दाखले. चार शाळांचे चार दाखले मिळाले की आजींच्या अख्ख्या हकीगतीला साल लागतं, आणि त्यांना एकदाही सन विचारावा लागत नाही.

एका आजींनी तर मला स्वतःच पिशवी काढून दिली. त्यात काशी, रामेश्वर, गिरनार, सगळीकडच्या पावत्या आणि फोटो. प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलनं गावाचं नाव आणि बरोबर कोण होतं त्यांची नावं. तारीख एकावरही नाही. "तारखेचं काय करायचंय, माणसं लिहून ठेवलीत ना," असं त्यांचं म्हणणं. मी त्या फोटोंची यादी आधी माणसांप्रमाणे केली, मग गावांप्रमाणे, आणि कोणत्या यात्रेपासून कोणतं माणूस फोटोत दिसेनासं होतं ते बघत गेले. त्या घरातल्या तीन मृत्यूंचा आणि एका वाटणीचा क्रम त्यावरून लागला.

तेव्हा आरआरसीसमोर कुणी विचारलं की तुमच्या साक्षीदारांना सन सांगता येत नाही तर काय करणार, तर गावांची यादी पुढे ठेवा आणि तिच्या शेजारी कागदांची.

बहिणाबाईंवर कुणाला काम करायचं असेल तर एक विषय मोकळा आहे. विठोबाच्या आधी त्यांना एक मुलगी झाली, काशीबाई. देहूच्या दिवसांत तिचा जन्म येतो. पुढे हकीगतीत ती फारशी दिसत नाही. ज्या बाईनं आईच्या बाजूची वंशावळ मुलाला बारा जन्म मागे जाऊन सांगितली, तिच्या सांगण्यात स्वतःची मुलगी कुठल्या गावापर्यंत येते आणि कुठल्या गावानंतर येत नाही, हे वेगवेगळ्या आवृत्त्या शेजारी ठेवून कुणीतरी शांतपणे बघायला हवं. शिऊर छावणीपासून काही तासांच्या वाटेवर आहे. कुणी काम घेतलं तर मला कळवा, एकदा सोबत जाऊ.